उजवीकडची बटणं

घासायचं चाक फिरत होतं, वरच्या जबड्याची एक दाढ त्यावर धरलेली होती, आणि चाक बंद न करताच त्याने खिशात थरथरणारा फोन डाव्या हाताने काढून वाचला. ही चूक पहिल्या महिन्यातला शिकाऊसुद्धा करत नाही. फोनवर एकच ओळ होती: 'तुझे दोन्ही हात मनगटापासून छाटले पाहिजेत, मग कळेल तुला.' खाली नाव, कोयता. दाढ सटकली, चाक अंगठ्याच्या पेरात घुसलं आणि पांढऱ्या दातांच्या रांगेवर रक्ताचा एक थेंब पडला, मग दुसरा. आधी दुखलंच नाही. आधी नुसतं वाटलं, की चला, छाटायला सुरुवात झाली. मग दुखलं, चांगलं कोपरापर्यंत दुखलं. शेजारच्या टेबलावर मेण वितळवत बसलेला म्हातारा कारागीर मान वर न करता म्हणाला, “कापलंस ना? चाक चालू असताना कसला फोन बघतोस? कोण होतं एवढं?” “कोणी नाही,” तो म्हणाला आणि अंगठा नळाखाली धरून उभा राहिला. कोणी नाही हे खरंच होतं. कोयत्याला त्याने कधी पाहिलं नव्हतं, त्याचा आवाज ऐकला नव्हता, तो बाई की बुवा, बारा वर्षांचा की साठ वर्षांचा, हेही ठाऊक नव्हतं. तरी गेले अकरा दिवस हा माणूस रोज सकाळी त्याच्या खिशात शिरून त्याला चावत होता.

तो दात बनवायचा. शहरातले सात-आठ दंतवैद्य लोकांच्या तोंडाचे ठसे पाठवत, तो त्यात प्लास्टर ओतून जबडे काढी, जबडे बिजागरीवर चढवून उघडमीट करून पाही, आणि मग मेणाचा, मेणावरून खरा, असा एकेक दात घडवी. लोक त्याच्या दातांनी चावत, हसत, भांडत, आणि त्यातल्या एकालाही तो रस्त्यात ओळखता आला नसता. याचं त्याला काही वाटत नसे. लहानपणी बोलायला उशिरा लागला म्हणून घरात त्याचं नाव मुक्या पडलं होतं, आणि मुक्याला हे काम सोसत होतं. जबडे बोलत नाहीत. आज मात्र समोरच्या फळीवरचे अठरा जबडे त्याला बोलताना दिसले. सगळे एकच म्हणत होते: कधी देणार, अजून झालं नाही का, जमत नसेल तर सोड ना, आळशी कुत्र्या. त्याने पट्टी बांधली, रक्त लागलेला जबडा उचलला आणि क्षणभर तो कोयत्याचा आहे असं मानलं. आधी पुढचे चार दात. एकेक करून, पक्कडीने, भूल न देता. मग दाढा. दाढ उपटताना कवटीच्या आत जो कर्र आवाज होतो, तो बाहेरच्याला ऐकू येत नाही, ज्याची दाढ त्यालाच येतो, आणि हे आठवून त्याला फार बरं वाटलं. हातातल्या जबड्याचे कट्ट्यावर आपटून दोन तुकडे झाले तेव्हा म्हातारा कारागीर या वेळी मान वर करून बघत राहिला.

तीन वर्षांपूर्वी ताईचं उजवं अंग गेलं. ती कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतायची. चाळीस थरांचं कापड एका दमात कापणारा तिचा उजवा हात कापायच्या यंत्रावरून सुटून टेबलावर पडला आणि पडूनच राहिला. पाय सहा महिन्यांत बराचसा आला, जीभ आली, हात आला नाही. पहिलं वर्ष ती खिडकीकडे पाठ करून बसायची. काय करावं ते न सुचून त्याने तिच्यापुढे आपला जुना कॉम्प्युटर ठेवला आणि एक खेळ लावून दिला. त्यात एक बेट असतं, माणूस एकटाच तिथे येऊन पडतो, लाकडं तोडतो, दगड फोडतो, घर बांधतो, आणि संध्याकाळ झाली की रानातून जनावरं घरावर चालून येतात. ताईला जनावरं मारायला आवडेल असं त्याला वाटलं होतं, आणि ते खरंही निघालं. पण खेळायला दोन हात लागत. मग त्याने दिवसा दात आणि संध्याकाळी हे, असं करून चार महिन्यांत एक मॉड लिहिलं. मॉड म्हणजे दुसऱ्याच्या खेळाला बाहेरून लावलेलं ठिगळ. या ठिगळाने सगळा खेळ कीबोर्डच्या डाव्या अर्ध्या भागात आणून बसवला, माऊसची गरज संपवली आणि उजवीकडची बटणं मेली, दाबली तरी काही होईना. पहिल्या दिवशी ताईने डाव्या हाताने एका रानडुकराचं डोकं फोडलं आणि दीड वर्षात पहिल्यांदा मोठ्याने म्हणाली, “मेला.” त्या आनंदात त्याने ते मॉड नेटवर सगळ्यांसाठी ठेवून दिलं. फुकट. नाव घेतलं अक्कलदाढ. त्याला वाटलं होतं, वीस-पंचवीस लोक घेतील.

नऊ हजारांनी घेतलं. पहिल्या वर्षी लोक आभार मानत. कोणाचा हात यंत्रात गेला होता, कोणाचा जन्मतः नव्हता, कोणी नुसतंच लिही, देव तुमचं भलं करो. तो ही पत्रं ताईला वाचून दाखवी. मग हळूहळू सूर बदलला. हे का नाही, ते का नाही, बटणं मोठी करा, नकाशा डावीकडे घ्या, माझा कॉम्प्युटर जुना आहे त्यावर चालवून द्या. एकाने लिहिलं होतं, माझे हात धडधाकट आहेत, पण या मॉडमुळे खेळता खेळता जेवता येतं, फक्त ताट सरकलं की चुकून डावीकडची बटणं दबतात त्याचं काहीतरी करा. तेव्हा तो हसला होता. अकरा दिवसांपूर्वी मूळ खेळाची नवी आवृत्ती निघाली आणि मॉड बंद पडलं. त्याच आठवड्यात दवाखान्यांचं काम साठलं होतं. त्याने नम्रपणे लिहिलं की दोन आठवडे द्या. ताईचा खेळ जुन्याच आवृत्तीवर थांबवून ठेवला होता, त्यामुळे घरी घाई नव्हती. आणि मग एकदम फाटक मोडून जमाव आत यावा तसे लोक आले. विकत घेतलेल्या नोकराशी बोलावं तसे बोलू लागले, आणि विकत तर काहीच घेतलेलं नव्हतं. त्यात कोयता सगळ्यांच्या पुढे. त्याचे निरोप लांबलचक असत, एकामागून एक येत, दोन मिनिटांत पानभर. एवढं भराभर टंकणारा माणूस, त्याला वाटे, दोन्ही हातांची दहाही बोटं बडवत असणार. दहा बोटांचा, जेवणाचं ताट मांडीवर घेऊन बसलेला, एका लुळ्या बाईसाठी केलेल्या वस्तूवर मालकी सांगणारा.

त्या संध्याकाळी घरी येईपर्यंत त्याच्या डोक्यात सगळं पक्कं झालं होतं. रस्त्यात एक गाडीवाला उगाच हॉर्न वाजवत होता, त्याच्या काचेत त्याने आपली पट्टी बांधलेली मूठ घालून पाहिली, मनातल्या मनात, आणि काच छान फुटली. घरी ताई स्क्रीनसमोर बसली होती. तिचं बेटावरचं घर आता कड्याच्या टोकावर तीन मजले चढलं होतं. समुद्राकडे सात खिडक्या, आणि मागे खोदलेल्या खंदकात टोकदार खांब, ज्यांवर दर संध्याकाळी दोन-तीन लांडगे लटकत. “अंगठ्याला काय झालं?” तिने वळून न बघता विचारलं. “चाकाने लागलं.” “तुझं लक्ष कुठे असतं रे मुक्या?” तिचा उजवा हात नेहमीसारखा उशीवर ठेवलेला होता, दुसऱ्या कोणाचा तरी असावा तसा. स्वयंपाकघराच्या भिंतीवर व्यायामवाल्या बाईंनी चिकटवलेला तक्ता होता: 'चेंडू दाबणे, ४० वेळा. बोटं उघडणे, ४० वेळा.' पूर्वी तो रोज विचारायचा, केलंस का. मग एक दिवसाआड. वर्षभर झालं, विचारलंच नव्हतं. तक्त्याचा एक कोपरा सुटून गुंडाळला गेला होता, त्यावर तेलाचा डाग होता, आणि तो पाण्याचा पेला भरून निघून आला.

या हाताचीही एक कथा होती. तो सात वर्षांचा आणि ताई तेरा. आई कामावर, घरात ताईचं राज्य, आणि ताईचा हात चालायचा. उजवा. गणित चुकलं की कानाखाली, भात सांडला की पाठीत, खोटं बोललं की दोन्ही. तो हात कुठून येतो हे कळायच्या आत येऊन गेलेला असे. त्याला त्या हाताची भीती वाटे आणि त्या हाताशिवाय बाहेर जायचीही भीती वाटे. गल्लीतल्या एका दांडगट पोराने एकदा त्याला खाली पाडून, बोल म्हणून, तोंडात माती कोंबली. त्याला ओरडता आलं नाही. ताई कुठून तरी आली, काही बोलली नाही, तिने नुसती मूठ वळली आणि त्या पोराच्या तोंडावर मारली, एकदाच. दात बाहेर येऊन पडला. पोरगं रडत पळालं, ताईने आपली फुटलेली बोटं चोखली आणि म्हणाली, “चल घरी.” तो दात त्याने मातीतून उचलून काड्यापेटीत ठेवला. कितीतरी वर्षं ती पेटी त्याच्याकडे होती, आणि तो रात्री ती हलवून दात वाजवून बघायचा. पुढे हाच धंदा का धरलास असं कोणी विचारलं तर तो खांदे उडवी. आता तो हात उशीवर होता आणि त्याच्या तोंडात माती कोंबायला नऊ हजार लोक आले होते. यावेळी आपलं आपणच मारायचं, असं त्याने ठरवलं.

त्याने तीन संध्याकाळी बसून मॉड दुरुस्त केलं. दुरुस्ती खरी होती, चोख होती, त्यात त्याने हातचं राखलं नाही. फक्त आत एक सापळा लावला. उजवीकडची बटणं मेलेलीच होती. ज्याला खरोखर एक हात आहे, तो ती कशाला दाबेल? जो दोन हातांचा आहे, त्याचा दुसरा हात जुन्या सवयीने तिकडे वळवळणारच. एखाददुसऱ्या वेळी कोपर लागू शकतं, उशी लागू शकते, म्हणून थोडी सूट द्यावी. किती? चाळीस, असा आकडा मनात आला, कुठून आला ते त्याने पाहिलं नाही. एका बैठकीत उजवीकडची बटणं चाळीस वेळा दाबली गेली, की त्या माणसाचा साठवलेला खेळ पुसून टाकायचा. घर, खंदक, वर्षं, सगळं. राखीव नकला कुठे दडलेल्या असतात तेही त्याला माहीत होतं. त्याही पुसायच्या. हे लिहिताना त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. खरं सांगायचं तर गेल्या कित्येक वर्षांत त्याला इतका आनंद झाला नव्हता. कोयता ताटातला घास तोंडात घालतोय, दुसरा हात बटणांवर आपटतोय, आणि समोर त्याचं घर एका क्षणात कोसळतंय, घास तसाच घशात अडकतोय, हे त्याने पुन्हा पुन्हा पाहिलं. शनिवारी सकाळी कामावर जाण्याआधी त्याने फाईल चढवली आणि तीच ताईच्या मशीनवरही टाकली. क्षणभर बोट थांबलं. मग त्याने पाहिलं, ताई पाठमोरी बसून डाव्या हाताने पाव खात होती. तिला काय होणार, तिचा उजवा हात तर, असा विचार आला आणि पुरासुद्धा झाला नाही, इतका तो त्याच्या अंगवळणी पडलेला होता. “तुझं बेट नवीन केलंय,” तो म्हणाला, “आता होडी पण आहे.” “बरं झालं,” ताई म्हणाली, “मलाही तुला एक दाखवायचंय. संध्याकाळी लवकर ये.”

दुपारपर्यंत फोन खिशात थरथरत राहिला आणि तो एकेक निरोप चाखत गेला. 'माझं सगळं गेलं.' 'दीड वर्षाचं गाव होतं, कोणी सांगेल का काय झालं?' 'अक्कलदाढ, उत्तर दे.' तो दाढ घासत होता आणि शीळ घालत होता. म्हातारा कारागीर म्हणाला, “आज स्वारी खुशीत?” साडेतीनच्या सुमाराला एक निरोप आला, त्यात शिव्या नव्हत्या. 'दादा, माझ्या मुलीला डावाच हात आहे. ती चालवते आणि मी शेजारी बसून उजवीकडची बटणं उगाच दाबतो, म्हणजे तिला वाटतं आम्ही दोघं मिळून खेळतोय. आज घर गेलं. ती रडून झोपली. माझं काही चुकलं का?' त्याने चाक बंद केलं. कोयत्याचा अजून एक शब्दही आला नव्हता. सगळे ओरडले, कोयता नाही, आणि कोयता ओरडत नाही याचा अर्थ काय, हे त्याच्या लक्षात यायला लागलं. पण त्याच्याही खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं. एक गुंडाळलेला तेलकट कोपरा, एक आकडा. त्याने घरी फोन लावला. ताईने उचलला नाही. म्हाताऱ्याला काही न सांगता तो तसाच, हात प्लास्टरने माखलेले, अंगावर पांढरी धूळ, निघाला आणि शेवटचे दोन चौक पळाला. एका बाईला धक्का लागून तिची पिशवी पडली, तिने मागून त्याची आई काढली, आणि ते त्याला अगदी योग्य वाटलं.

ताई खुर्चीत बसली होती. समोर बेट होतं, पहिल्या दिवशी असतं तसं, रिकामा किनारा आणि लाटा. तिचा उजवा हात उशीवर नव्हता. तिने तो पाठीमागे, खुर्चीच्या आणि स्वतःच्या मध्ये दाबून ठेवला होता.

“गेलं,” ती म्हणाली.

“कसं?”

“माझ्यामुळे.” ती शांतपणे बोलत होती, गुन्हा कबूल करावा तशी. “तुला दाखवायचं होतं ना. दोन महिने करतेय, तू कामावर गेलास की. आधी चेंडू. मग ते शेवटचं बोट हलायला लागलं. बाई म्हणाल्या, आता बटण दाबत जा, मेलेलं असलं तरी दाब, तक्त्यात आहे तेवढे वेळा. मी डाव्याने खेळत होते आणि याने दाबत होते, मोजून. जरा लागत होतं, पण म्हटलं आज पुरे करायचेच, तू यायच्या आत. अडतीस झाले, एकोणचाळीस झाले. चाळिसाव्याला सगळं काळं झालं.” तिने पाठ आणखी मागे रेटली. “हा हातच तसला आहे रे. आधी माझं काम घालवलं, आता घर घालवलं. आता नाही लावायची मी त्याला कशाला.”

तो दारातच उभा होता. मशीन जुनं आहे, म्हणता आलं असतं. नव्या आवृत्तीत दोष आहे, हेही म्हणता आलं असतं, आणि ताईने त्यावर विश्वास ठेवला असता, कारण या बाबतीत ती त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायची. पण तिने हात पाठीमागे चिरडून धरला होता. एखाद्या चावऱ्या जनावराला भिंतीशी दाबून धरावं तसा, आणि तो तिथे दुखत असणार हे तिच्या ओठांवरून दिसत होतं. त्याच्या तोंडात माती भरल्यासारखं झालं. तो सात वर्षांचा होता आणि त्याला बोलता येत नव्हतं, आणि या वेळी कोणी येणार नव्हतं.

“हाताने नाही गेलं,” तो म्हणाला. “मी घालवलं.”

मग त्याने सांगितलं. उभ्याउभ्याच, क्रमाने, अंगठ्यापासून सापळ्यापर्यंत, राखीव नकलांसकट. ताई ऐकत राहिली. मग तिने डावा हात पुढे केला, “फोन दे.” तिने दोन आठवड्यांचे निरोप वाचले, सावकाश, एकही न गाळता. काही ठिकाणी तिच्या मानेची शीर उडाली. ती वाचत असतानाच तिच्या हातात फोन थरथरला आणि तिने तो निरोप मोठ्याने वाचला. “'चाललं एकदाचं. घाम गाळून बारा वर्षं लोहारकाम केलं, एक हात घणाखाली दिला, आता दुसऱ्याने तेवढं एक खेळतो, त्यालाही तुझ्यासारख्या दोन हातवाल्याच्या पाया पडायचं का? एका हाताने टंकवत नाही, निरोप फोनला बोलून बोलून लिहितो, घसा सुकला. पुढच्या वेळी वेळेवर कर.' कोयता.” तिने फोन टेबलावर ठेवला. “उपकार मानायची तर याला सवयच नाही,” ती म्हणाली. “पण याला दोन हात आहेत असं तुला का वाटलं?”

“भराभर लिहितो म्हणून.”

“आणि मला एकच आहे, हे?”

उत्तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर होतं, एक कोपरा सुटलेलं.

“आधी ते काढ तिथून,” ती म्हणाली. त्याने खाली बसून फाईल उतरवली. त्या मुलीच्या बापाला लिहायला घेतलं, 'तुमचं काही चुकलं नाही', आणि पुढचे शब्द येईनात, तरी एकेक करून लिहिले, सगळ्यांना दिसेल असे लिहिले, मी केलं, मुद्दाम केलं. पाठवून झाल्यावर तो खुर्चीपाशी जमिनीवर तसाच बसून राहिला. मागे काहीतरी हललं. ताईने उजवा हात पाठीमागून बाहेर काढला होता. तो लालबुंद झाला होता, त्यावर खुर्चीच्या वेताची नक्षी उठली होती. तिने तो उचलला. डाव्याचा आधार न देता, दात ओठात रुतवून, खांद्यापासून, आणि तो अर्ध्यावर थांबला, लटपटला, परत निघाला. त्याला दिसत होतं तो कुठून येतोय. आयुष्यात पहिल्यांदा दिसत होतं. तो हलला नाही. हात आला आणि त्याच्या कानाखाली टेकला, आणि तिथून घसरून खांद्यावर पडला.

“लागलं?” ताईने विचारलं. तिला धाप लागली होती.

“नाही,” तो म्हणाला. खोटं बोलायची त्याची हिंमत नव्हती.

“लागेल,” ती म्हणाली आणि हात पुन्हा उचलू लागली.